माझ्याच हातची नोटीस

नवी पेठ, सोलापूर
सोमवार, फेब्रुवारी १९२९

दाराच्या चौकटीवर शाईचा डाग पडलाय, लक्ष सारखं तिकडेच जातंय.

दोष माझाच. घरमालकीण गौरव्वा परवा म्हणाल्या, "मास्तर, ल्योक-सून दुधनीहून येनार हाईत, खोली सोडा." मी ऐटीत सांगितलं, लेखी नोटिशीशिवाय भाडेकरूला काढता येत नाही, कायदा आहे.

आज संध्याकाळी त्या कोरा कागद घेऊन वर आल्या. त्यांना लिहिता येत नाही. सहा वर्षं त्यांची पत्रं मीच खाली जाऊन लिहितो. "कायद्यात बसंल असं लिवा की," म्हणाल्या. लिहिलं. पंधरा दिवसांची मुदतही मीच घातली. अक्षर इतकं सुरेख कशाला काढलं?

"भाडेकरूचं नाव?" सवयीनं विचारून गेलो.

"तुमचं नाव मला कुटं ठावं हाय? तुमीच घाला."

घातलं. त्यांनी अंगठा उमटवला, कागद मलाच दिला आणि जाताना शाईचा अंगठा चौकटीला पुसला.

खोली सोडताना तो डाग धुऊन द्यावा का? सहा वर्षांत आजवर या दाराला माझ्याशिवाय दुसरा हात लागला नव्हता.