मोकळी व सपाट जागा

सोम. २७ ऑक्टो.

ग्रा.पं.ची मासिक सभा. माझा ठराव झाला एकदाचा! रस्त्याकडेच्या पाट्या आपापल्या हद्दीत घ्यायच्या. आणि ज्याचं हॉटेल त्यानं गिऱ्हाइकाच्या गाड्यांना रस्त्याबाहेर स्वतःची जागा दाखवायची. चार टेबलांमागे एक चारचाकी, चार दुचाकी. नसेल तर ना हरकत दाखला पुढे मिळणार नाही. मुदत नोव्हें.अखेर.

सरपंच म्हणाले, बाई एवढी घाई कशाला. म्हटलं, परवा थांब्यावर हॉटेलच्या गाड्या लागलेल्या, म्हणून यष्टी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. सातवीतली पोरगी उतरली आणि मोटारसायकल तिच्या दप्तराला घासून गेली. दप्तर होतं म्हणून वाचली. आता अजून काय व्हायची वाट बघायची?

 यावर बबनराव तेवढे बोलले. ते थांब्यासमोरच्या गार्डन हॉटेलचे मालक, आणि माझ्यासारखेच सदस्य. "आपल्याकडं ईस गाड्यांची जागा हाय बाई. आपल्याला काय फरक पडतोय?" त्या वीस गाड्यांच्या जागेत वर्षभर वाळू न् विटा पडल्यात. मग मी पण तिथल्या तिथं एक ओळ वाढवायला लावली : जागा मोकळी व सपाट असावी, पाहणीच्या दिवशी जशी दिसेल तशीच धरावी. आमच्या ग्रामसेवकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, लिहून घेतली. बबनरावांचं तोंड बघण्यासारखं झालं.

घरी येईस्तोवर हवेत होते. रेश्मानं भाकरी थापता थापता विचारलं, "आई, मग आपलं काय?"

माझ्या सुनेची खानावळ थांब्याला खेटूनच आहे. सहा टेबलं. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. बघू पुढं, म्हणून मनात मागं सारलेलं.

बुध. २९ ऑक्टो.

दोरी घेऊन खानावळीपुढची जागा मोजली. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना बसवायला चुन्याचे चौकोन आखले, तेवढं अजून येतं. पुढं एक रिक्षा मावेल. तीही आडवी. सहा टेबलं म्हणजे दोन चारचाक्या, सहा दुचाक्या तरी हव्यात.

संतोष (आमचा चिरंजीव, शिरवळला कंपनीत) शिफ्टवरून आला, बघून हसला. "आई, तूच पंचायत, तूच आरोपी." फटका द्यावासा वाटला.

रवि. २ नोव्हें.

पाटी आत घेतली. 'रेश्माची चूल – पिठलं भाकरी, वांग्याचं भरीत'. डांबराच्या कडेला दोन वर्षं उभी होती. आता कडुलिंबाच्या मागं गेली. भोरकडून येणाऱ्याला दिसत नाही, हायवेकडून येणाऱ्याला निम्मी दिसते, म्हणजे 'रेश्माची' तेवढं.

आज रविवार असून दुपारी चारच ताटं गेली. एक पुण्याचं कुटुंब बबनरावांच्यात जाऊन विचारत होतं म्हणे, ती पिठल्याची खानावळ बंद झाली का? त्यांनी काय सांगितलं असेल ते देवाला ठाऊक.

रेश्मा काही बोलत नाही. भांडी मात्र बोलतात तिची.

खरं तर ही खानावळ म्हणजे तिची हिंमत. संतोषची नोकरी कंत्राटी, आज आहे उद्या नाही. तिनं माहेरून, भोंगवलीहून, आणलेल्या दोन परातींवर सुरू केली. मी तेव्हा म्हटलं होतं, रस्त्यावर बसून भाकऱ्या विकणार का? आता मीच सगळ्यांना तिच्या भरिताचं कौतुक सांगते.

गुरु. ६ नोव्हें.

उपाय सापडला. खानावळीच्या मागचं खाचर! बांध फोडून वाट काढली की दहा गाड्या बसतील. भात काढून झालंय. ह्यांना विचारलं. हे म्हणजे आमचे मालक. दिवसाला दहा शब्द बोलतात. म्हणाले, "घे. पण…"

पण काय, ते विचारायचं राहिलं. मी खुशीत उठून रेश्माला सांगायला पळाले. ती परातीतले हात तसेच घेऊन बाहेर आली, खाचराकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "आई, व्हईल का हो?" म्हटलं, न व्हायला काय झालं!

मंगळ. ११ नोव्हें.

पाहणीची तारीख आली. गुरु. २० ला सकाळी अकरा. सरपंच, भाऊसाहेब, बबनराव आणि मी.

बांध फोडला. मुरूम टाकू म्हटलं तर हे म्हणाले, "मुरूम नगं. जमीन हाय ती." नुसता रोलर फिरवला. मी चुन्यानं रेघा मारल्या, दोन मोठ्या, सहा बारक्या. रेश्मानं एका चौकोनात तिची स्कुटी लावून बघितली, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. लई दिवसांनी हसली.

शनि. १५ नोव्हें.

किकवीला गेले होते. येताना यष्टी थांब्याला नीट कडेला लागली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "बाई, तुमच्यामुळं आज गाडी लावता आली बघा." लाजल्यासारखं झालं, पण बरं वाटलं. लपवायचं कशाला, लई बरं वाटलं.

मंगळ. १८ नोव्हें.

काय सांगू. कपाळ माझं.

चारच्या सुमाराला घंटांचा आवाज आला. बिरूबा आला. फलटणकडचा मेंढपाळ, दर साली दिवाळी झाली की घरदार घोड्यावर घालून मेंढरं कोकणात उतरवतो. तीनशे मेंढरं, दोन घोडी, बायको ठकूबाई. आमच्या सासऱ्यांच्या काळापासून त्यांचा कळप आमच्या खाचरात तीन राती बसतो. लेंड्यांचं खत आम्हांला, तांदूळ न् मुक्काम त्यांना. गेल्या साली खानावळ नवी होती, गिऱ्हाइकाला वास येईल म्हणून मी हात जोडले. म्हटलं, या खेपेला दुसरीकडं बसव, पुढच्या साली मागचं खाचर तुझंच. आणि त्याच्या हातात नारळ दिला. आमच्याकडं नारळ दिला म्हणजे शब्द दिला, विषय संपला.

आणि मी विसरले. ह्यांचं ते 'पण' म्हणजे हेच होतं! विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं तुला ठावं हाय."

बिरूबानं चुन्याच्या रेघांवर काठी टेकली. "बाई, हे काय आखलंय? पोरांचा खेळ का?"

 "बसव," म्हटलं. रेश्मा मागच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं.

बुध. १९ नोव्हें.

रेश्मा म्हणाली, "एक दिस दुसऱ्या वावरात बसू द्या त्यांना. उद्याच्या दिसापुरतं." खालच्या वावरात ज्वारी उगवलीय, वरचं दिराचं. कुठं बसवणार?

म्हटलं, दिवसा मेंढरं चरायला जातात गं, अकराला खाचर रिकामंच असेल. माझं मलाच खरं वाटत नव्हतं.

गुरु. २० नोव्हें.

मेंढरं गेली होती चरायला. बाकी सगळं होतं. जाळ्याचं कुंपण, बारकी कोकरं चाळीसेक, घोडी, कोंबड्या, तीन दगडांवर ठकूबाईची भाकरी. चुन्याच्या रेघांवर लेंड्यांचा थर. माझी दुचाकीची चौथी जागा एका शेळीनं धरलेली, उठायला तयार नाही.

आधी बबनरावांची जागा बघितली. वाळू नाही, विटा नाहीत, झाडून पाणी मारलेलं. वीस गाड्या खरंच मावतील. भाऊसाहेबांनी 'योग्य' लिहिलं.

मग आमची. बबनराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाई, ही चारचाकी का दुचाकी?" सरपंचांना हसू आवरेना. हसू मलाही आलं असतं, पण रेश्माचं तोंड दिसत होतं.

ठकूबाई भाकरी टाकून उठली. "आमी हालतो बाई. जाळं काढाया किती उशीर लागतोय? घंटाभरात मोकळं करून देतो. तवर सायेबांना च्या पाजा."

सरपंचसुद्धा म्हणाले, "काढू द्या की. आम्ही थांबतो."

रेश्मा माझ्याकडं बघत होती. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. पण पाहणीपुरती जागा रिकामी करून दाखवायची, हेच तर नको म्हणून मी ती ओळ घातली होती. आणि कोकरांसकट त्या बाईला उठवायचं कुठं? नारळ मी दिलेला.

म्हटलं, "भाऊसाहेब, लिहा. जागा मोकळी नाही."

त्यांनी दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं.

रेश्मा आत गेली. संध्याकाळी ताट वाढलं, शेजारी बसली नाही.

शुक्र. २१ नोव्हें.

सकाळी सातला बबनरावांच्यात ट्रॅक्टर आला. विटा परत होत्या तिथं. मी घातलेली ओळ त्यांनाच कामाला आली. पाहणीच्या दिवशी जशी दिसेल तशी! एवढी वर्षं पोरांना शिकवलं, मला कोणी शिकवायचं?

बिरूबा निघाला. वरंधा घाटाकडं. मी तांदूळ बांधून दिले. नारळ आणायला घरात गेले तर फळीवर नारळ नाही. बाहेर येऊन बघते तर रेश्मा ठकूबाईच्या हातात नारळ देत होती.

ठकूबाई म्हणाली, "अगं पोरी, आमच्यामुळं तुझं बंद पडतंय, न् नारळ कशाला?"

रेश्मा म्हणाली, "पुढच्या साली या. हितंच."

मी दारातच थांबले. डोळे भरून आले. तिला दिसू नये म्हणून गोठ्यात गेले.

रवि. २३ नोव्हें.

खाचर झाडलं नाही. हे म्हणाले, खत आत मुरू दे. म्हणजे गाड्या लावता येणार, पण टायर घाण होणार. लावल्या तरी दोन जणांनी. एकानं विचारलं, इथं काय होतं हो? रेश्मा म्हणाली, पाव्हणे.

माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ द्या, पाणी आलं का. तिचं चुकत नाही.

मंगळ. २५ नोव्हें.

भाऊसाहेबांकडून कळलं : शुक्रवारी ग्रामसभा, तिथंच दाखल्यांचा निकाल. नामंजूर जागेला मुदत द्यायची का, ते ग्रामसभा ठरवणार. बबनराव चौकात सांगत फिरतायत, "नियम बाईंचाच, पयला घरात लागू द्या." बरोबरच बोलतायत, म्हणून जास्त राग येतो.

मी मुदत मागितली तर उद्या प्रत्येक जण मागेल. मग यष्टी पुन्हा मधोमध. नाही मागितली तर महिनाअखेर चूल बंद. रेश्मानं दोन वर्षांत उभं केलेलं, मी एका ओळीत बसवलं. रात्री झोप नाही असं काही नाही, झोप येते. सकाळी उठल्यावर आठवतं, ते वाईट.

संतोषनं समजावलं, आई तू सभेला जाऊच नकोस. गप्प बस घरात. म्हटलं, तीस वर्षांत एक दिवस अंगणवाडी चुकवली नाही, आता तोंड लपवू?

बुध. २६ नोव्हें.

भाटघरला नणंदेकडं जायचं होतं, गेले नाही. खाचरात जाऊन बसले. खत भिनतंय. पुढच्या साली इंद्रायणी चांगला येईल, हे म्हणतात. आपण गाड्या लावायच्या का भात लावायचा, हे कुणी बोलत नाही.

रेश्मा मागच्या दारात येऊन बसली.  मग म्हणाली, "आई, त्या दिशी तुमी हो म्हणला असता, तर मला बरं वाटलं असतं. पण एकच दिस." आणि उठून गेली.

शुक्र. २८ नोव्हें. सकाळ

सभा बाराला आहे.

आज नाश्त्याला रेश्मानं स्वतःहून चहा दिला आणि ताटाशेजारी एक अर्ज ठेवला. तिच्या अक्षरात. वाचला.

मुदतवाढ मागितलेली नाही. लिहिलंय : मागील खाचर पार्किंगसाठी वर्षभर मोकळे ठेवीन, कधीही न सांगता येऊन बघावे. मात्र दिवाळीनंतर तीन दिवस तिथे मेंढरे बसतात, हे आधीपासून आहे. ते तीन दिवस गाड्यांना जागा नाही, म्हणून ते तीन दिवस मी खानावळ बंद ठेवीन व तशी पाटी लावीन. तसेच माझी विनंती, की पाहणी सांगून करू नये. सर्वांचीच.

'सर्वांचीच' खाली रेघ.

तीनदा वाचला. हे मला सुचायला हवं होतं. न सांगता पाहणी! बबनरावांच्या विटा एका महिन्यात बाहेर. पण ते गप्प बसणार नाहीत. घरातल्यांसाठी नियम वाकवला म्हणतील, आणि निम्मं गाव त्यांच्याकडं जेवतं. होईल का नाही, सांगता येत नाही.

अर्जाखाली दोन जागा आहेत. अर्जदार, सही केलेली. अनुमोदक, कोरी. शेजारची शांता, संतोषचा मित्र, अहो ठकूबाई इथं असती तर तिनंसुद्धा अंगठा दिला असता. कुणालाही विचारता आलं असतं तिला.

"हे कोरं का?" विचारलं तर म्हणाली, "असू द्या. तुमी सदस्य हाय. तुमचं तुमी बघा." आणि तवा ठेवायला गेली.

मी सही केली तर नियम घरचा झाला म्हणतील. नाही केली तर सुनेच्या बाजूनं सासूसुद्धा नाही म्हणतील. काही केलं तरी म्हणणारे म्हणतील. ते राहू दे.

सव्वाअकरा. हे चपला घालून बाहेर उभे आहेत, गाडी सुरू करून. आतून भाकरीचा वास येतोय. अर्ज पुढ्यात आहे, पेनाचं टोपण काढलंय.