चेकरबाईचा सव्वा महिना

९/७/९५, निमगाव केतकी
हे ड्युटीवरून आले ते जेवणाच्या पिशवीत काट्यांचा गोळा घेऊन. डबा काखेत आणि पिशवी अंगापासून लांब धरलेली. "बसच्या चाकाखाली येत हुता. बेल मारली, गाडी थांबवली. आता काय टाकून येऊ व्हय?" मी म्हणाले, या टाकून. ऐकतंय कोण! कंडक्टरकीत एवढी वर्षं गेली, माणसांवर दया करून झाली, आता जनावरं. काटेरी उंदीर म्हणे. ब्लाउजपिसांच्या रिकाम्या खोक्यात घालून शिलाई मशीनखाली ठेवलाय. दोन दिवस. मग माळावर सोडून यायचं, असं ह्यांना तोंडावर सांगितलंय.

११/७
दिवसभर नुसता गोळा. संध्याकाळी मशीन थांबवलं तेव्हा आधी नाक बाहेर आलं. ओलं, सारखं हलणारं. मग कान. कान केवढे! उंदीर कसला, उंदराला एवढा रुबाब नसतो. घरभर फिरून प्रत्येक भांड्याच्या बुडाशी हुंगलं, माझा पाय मध्ये आला तर फुस्स केलं आणि पाटाखाली शिरला. हे हसायला लागले, "आमचं लाइन चेकर तिकिटं तपासताना असंच करत्यात." झालं, नाव पडलं. चेकर.
दूध-भाकरी कुस्करून दिली. ताटली लख्ख केली.

१२/७
दूध बाधलं. खोकाभर घाण, धुता धुता कंबर गेली. दूध बंद. अंडं उकडून ठेवलं, ते सोडून साहेबांनी मोरीतलं झुरळ धरलं. कुर्रकुर्र, आवाज करून, मिटक्या मारत. माझी मोरी कुणी एवढ्या मनापासून साफ केली नव्हती. मुक्काम वाढवला आहे.

१५/७
आज घाबरले. मशीनला तेल घालताना चिंधी खाली पडली, ती चेकरने चघळली आणि तोंडाला फेस! मान उलटी वळवून फेस पाठीवरच्या काट्यांना लावत बसला. वाटलं पिसाळला. पाच-दहा मिनिटांत पुन्हा शहाणा, काट्यांना तेलाचा वास. हौस! नव्या वासाचं एवढं कौतुक मला कधी वाटलं नाही, आणि मी दिवसभर त्याच तेलात असते.
ब्लाउज तीन राहिले. गिऱ्हाईक बोलणार.

१८/७
शेजारच्या वत्सलाकाकू आल्या, कडेवर नात. सोनी दोन वर्षांची, महिना झाला डांग्या खोकला. उबळ आली की तोंड निळं पडतं, शेवटी हुप्प करून श्वास ओढते तेव्हा बघणाऱ्याचाच जीव वर येतो. आई रोजगारावर, पोरगी दिवसभर काकूंच्या गळ्यात.
काकूंनी खोक्यात पाहिलं आणि डोळेच चमकले. "ह्येच की! बाजारातला झाडपाल्याचा बाबा म्हनला हुता. जित्याचं काटं उपटायचं, जाळून राख मधातनं चाटवायची. दे गं मला."
मी गळलेले पाच-सहा काटे जपून ठेवले होते, ते पुढे केले. "गळाल्यालं चालत न्हाय."
डॉक्टरचं विचारलं तर, "ते चालूच हाय की. दुसरी बाटली चाललीया."
काकूंना हसण्याचा मला हक्क नाही. मलाही लहानपणी आईने अशीच राख चाटवलेली. जगले. राखेने की आपोआप, कोण सांगणार? पण जित्या जिवाचे काटे पकडीने उपटायचे? नाही म्हणाले. काकू उठून गेल्या, चहा तसाच.

२०/७
काकू बोलत नाहीत. भिंत पातळ, सोनीची उबळ इकडे मोजून ऐकू येते. मशीन मुद्दाम जोरात चालवते. हे म्हणतात, "माळावर सोडतो, बला टळंल." नको म्हणाले. चेकर दोन दिवस खात नाही, सुस्त आहे, पोट सुटलंय. आणि माझ्या चिंध्या ओढून खोक्यात नेतो. सगळ्यात मऊ तेवढ्याच नेतो, रुबिया कापडाच्या!

२४/७
चेकर नव्हे, चेकरबाई!! दोन पिल्लं. गुलाबी, बोटाएवढी, पाठीवर पांढरे मऊ काटे. आनंदाने ह्यांना सांगायला पळाले तर हे ड्युटीवर.
आणि दुपारी काकू. ह्या खेपेला पक्कड घेऊनच. "आता न्हाई म्हनू नगंस. रात्री पोरगी डोळं फिरवीत हुती." मी चिंधी उचलून दाखवलं फक्त.
काकू वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. मग पक्कड कमरेला खोचली. "बाळंतीन हाय व्हय ही? मग सव्वा म्हैना हात लावायचा न्हाय. मुक्या जितराबाला बी त्योच न्याय."
तेवढ्यात पलीकडे सोनी खोकायला लागली. काकूंनी ऐकलं, मीही ऐकलं. शब्द मागे घेतला नाही त्यांनी. मला नसतं जमलं.

२८/७
आज पाचवी, हे माझ्या ध्यानीमनी नाही. काकू शेगडी घेऊन हजर, निखाऱ्यावर शेपा-ओवा. "बाळंतिनीला शेक नगं व्हय?" मलाही खुळीला पटलं. खोक्याशेजारी शेगडी ठेवून मी वर पदराने वारा घातला. धूर सगळा आत.
वाटलं गोळा होईल. पातेलं वाजलं तरी गोळा, कुणी शिंकलं तरी गोळा, हा हिचा नेम. नाही झाली. शिंकत शिंकत एक पिल्लू तोंडात धरलं, खोक्याच्या काठावरून धप्पकन खाली पडली, उठली, आमच्या दोघींच्या पायांमधून चालत ज्वारीच्या पोत्यामागे. वाटलं झालं. तर परत आली! त्याच धुरात. पोट उघडं, तोंड उघडं, काटे सगळे आडवे, पिल्लाला लागू नयेत म्हणून असणार. दुसरं घेऊन गेली.
काकूंनी शेगडी उचलून अंगणात नेली, पाणी ओतलं. "बया... आपन मारलंच असतं की गं तिला." खाली बसल्या. मी चहा केला, ह्या वेळी प्यायल्या.
केवढी ती, ओंजळीएवढी. मी तिची पायधूळ घ्यावी अशी बाई आहे.

५/८
काकूंनी कागदाच्या पुडीत हुमणी आणली, उसाच्या सरीतून वेचून. पांढऱ्या गबदुल अळ्या, मला शिसारी. पोत्यामागून खोक्यात परतलेल्या चेकरबाईंनी मात्र पंगत झोडली. "हुमणी खाती म्हंजी ऊसवाल्याची सोयरीच की," काकू म्हणतात. आता रोज आणतात. सोनी खोक्याशी बसून राहते, हात लावत नाही. उबळ आली की काकू तिला बाहेर नेतात, बाळंतीण दचकेल म्हणून.

१४/८
पिल्लांचे डोळे उघडले. एक गोळा व्हायची तालीम करतं, अर्ध्यात कलंडतं, पाय वर. मी एकटीच मोठ्याने हसत बसले.
सोनीला बारामतीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. औषध बदललं. हा खोकला वेळ घेतोच, म्हणाले. पोरगी वाळून चाललीय. खाल्लेलं उबळीसरशी बाहेर.

२३/८
बाजारात तो बाबा पुन्हा भेटला काकूंना. "आजून केलं न्हाई?" म्हणाला म्हणे. काकूंनी मला सांगितलं ते खाली बघून. सव्वा महिना कधी भरतो ते दोघींनाही पाठ आहे, बोलत कुणी नाही. हुमणीची पुडी आजही आणली होती. हुमणी चारायची आणि... मला त्यांचं काही कळत नाही. कळतं तेही सगळं.

२६/८
ह्यांच्याशी भांडण. म्हणतात, सव्वा महिना भरायच्या आत गुपचूप माळावर सोडून येतो, पिल्लं खायला लागलीच आहेत. मी म्हणाले, ज्या बाईने स्वतःच्या नातीची उबळ ऐकूनही शब्द पाळला, तिला फसवून चेकरबाईला न्यायचं? उद्या तोंड कसं दाखवू? "मग उपटू देनार काटं?" मी जेवले नाही.
शेवटी ठरलं ते असं: ३१ला सकाळच्या गाडीने हे नेणार, पण काकूंना आधी मी सांगणार.

२९/८
सांगायला गेले. सोनी मांडीवर, नुकती उबळ येऊन गेलेली, ओठ पांढरे. न सांगता परत आले.

३०/८
संध्याकाळी काकूच आल्या. एकट्या. पक्कड दिसली नाही, पण पदर कमरेला खोचलेला, काय कळणार.
"पिल्लं खात्यात का आता?"
"खातात."
"मग भरला की सव्वा म्हैना."
मी सांगून टाकलं. उद्या माळावर नेणार आहोत म्हणून. काकू रागावल्या नाहीत. खोक्याशी बसल्या. चेकरबाई बाहेर आली, त्यांच्या बोटाचा वास घेतला, पुडी आहे का बघितलं. नव्हती.
"आजच्या दिस माझ्याकडं असू दे," काकू म्हणाल्या. "सगळी. पिल्लं बी."
मी सरळ विचारलं. "काकू, उपटणार नाही ना?"
"तू माझ्या जागी असतीस तर?"
मी नसते उपटले, असं खोटं बोलता आलं असतं मला. बोलले नाही. स्वतःच्या हाताने खोका उचलून दिला.
वारा सुटला होता. जाताना काकूंनी खोचलेला पदर सोडला आणि पिल्लांना वारा लागू नये म्हणून खोक्यावर धरला; कमरेला पक्कड नव्हती.
ह्यांची गाडी यायची वेळ झाली. काय सांगू?