हिरड्यांचा मंगळवार

७ नोव्हेंबर, मंगळवार
सरकारी दवाखान्यात आजही दिवसभर दातच उपटले. सफाईचं मशीन बंद पडलेलं, त्यातून पाणीच येत नाही. प्रमिलाताई आल्या होत्या, बाभुळगावकडच्या एका गावच्या आशा सेविका. वय चाळिशीच्या आत. दातांना कीड नाही, पण हिरड्यांत पू अन् पुढचे दात हलतात. पदर तोंडावर धरूनच बोलतात.
"काढू नका मॅडम. घरोघरी जाऊन बायायले समजावून सांगा लागते. बोळक्या तोंडाचं कोन ऐकन?"
नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजला जा म्हटलं. कापसाची वेचणी सोडून? नुसत्या हसल्या.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
फोन करकरून यवतमाळचे राऊत सर आणले. हिरड्यांचे डॉक्टर. मशीन, हत्यारं सगळं त्यांचंच. ताईंच्या हिरड्या बधिर करून मुळापर्यंत साफ केल्या. मी बाजूला उभी राहून शिकले. "साफ करणं अर्धंच काम. त्या परत आल्या पाहिजेत. अन् शुगर तपासा," सर म्हणाले. तपासली. भरपूर निघाली! आजवर कुणी बघितलीच नव्हती.

५ डिसेंबर, मंगळवार
ताईंच्या हिरड्यांतला पू थांबला. शुगरची गोळी चालू. गावातल्या बायका घेऊन आल्या, सगळ्या तंबाखूचं मंजन घासणाऱ्या. मी सांगते तेव्हा नुसत्या माना हलवतात. ताई ओठ उलटून दाखवतात, "पाह्य, माह्यं असंच झालं," तेव्हा ऐकतात. सर दर मंगळवारी येतात हे आता गावोगाव माहीत झालंय. असंच चाललं तर...

१५ डिसेंबर, शुक्र.
सरांचं येणं बंद. वरून आदेश, बाहेरचे डॉक्टर बोलवायचे नाहीत. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले, भांडले.
"मॅडम, इथं शेतकरी जीव देऊन राह्यले. तुम्ही हिरड्या घेऊन बसल्या."
खोटं नाही ते. जिन्यात बसून रडले.

१९ डिसेंबर, मंगळवार
बायका आल्याच. त्यांना कोण सांगणार? शिकले होते तेवढं केलं. एकीच्या हिरडीत जरा खोल गेले, रक्त थांबेचना. कापूस दाबून धरला. तो भिजला, घाईघाईनं दुसरा दाबला. ती मलाच म्हणाली, "घाबरू नोका." थांबलं एकदाचं. सरांना फोन केला. "सोपं तुम्ही करा, अवघड माझ्याकडे पाठवा." पाठवू कशी? कुणासोबत?

२६ डिसेंबर, मंगळवार
ताईंचा पुढचा एक दात जास्तच हलतोय. हिरडी उघडून साफ करावी लागेल. सरळ सांगितलं, मला नाही येत.
ताईंनी जिभेनं दात हलवून पाहिला. मग, "तुमी संगं चाला यवतमाळले. मी बायायले बी आणतो. तुमी असल्या तं येतीन."
रजेचा अर्ज दिला. साहेबांनी वाचला, बाजूला ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.
उद्या सकाळची गाडी. बायका फाट्यावर येऊन थांबणार. आईला फोन केला, काही सांगितलं नाही. नोकरी गेली तर? अन् नाही गेले तर त्या पुन्हा कशाला येतील माझ्याकडे?
ताईंना सांगितलंय, भाकर दाढेनंच चावा. तेवढंच सांगता आलं.