अर्धा धवला

॥ श्री ॥
ओवे, ता. पनवेल
११ फेब्रुवारी १९९६

चि. धर्म यास,

थोरली बहीण जनीबायचा आशीर्वाद. आत्याला नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. म्हैस व्यायली, पारडी झाली. परसातले वाल यंदा बरे आलेत. आई बरी आहे, पेज घेते.

तुझं पत्र मिळालं. रेवदंड्याला आत्याच्या माळ्यावर लपून तू दोन गोष्टी विचारतोस. शकूशी ठरलेल्या लग्नाची तारीख तीच आहे ना, आणि आईने माइकवरून तुझं नाव का घेतलं. पहिल्याचं शेवटी सांगते. दुसऱ्याचं सांगू नकोस म्हणून आईने खुणेने मला दटावलंय. पण 'सख्ख्या आईने मला पोलिसांच्या तोंडी दिलं' हे तुझं वाक्य वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तेव्हा ऐक.

तुम्हा पोरांचा राग खोटा नव्हता, हे आधीच कबूल करते. आपला माळ सरकारने घेतला, बदल्यातले भूखंड अजून कागदावर, आणि त्याच माळावर मुंबईच्या लोकांनी जगभरच्या लोकसंगीताचा महोत्सव भरवला. आईला आपला लग्नातला धवला म्हणायला बोलावलं तेव्हा तू भरलं ताट भिंतीवर मारलंस. आई भात वेचता वेचता एवढंच म्हणाली होती, "जमीन गेली. तिच्यावर आपला आवाज तरी वाजूदे."

त्या दुपारी मंडपामागे आई किती खुशीत होती ते तू पाहिलं नाहीस. मंगोलियाचा एक बाबा एकाच गळ्यातून दोन सूर काढत होता. आई त्याच्या तोंडात वाकून बघायला लागली नि म्हणाली, याच्या नरड्यात दुसरा मानूस बसलाय. आफ्रिकेच्या ढोलवाल्यांनी तिला ढोल वाजवायला दिला. आणि बल्गेरिया नावाच्या देशातली एक म्हातारी होती, तीही लग्नातली गाणी म्हणणारी. भाषा एकीची एकीला येत नाही, तरी दोघी जावांसारख्या मांडी घालून बसल्या. आई धवल्याची ओळ म्हणायची, ती खालून एकच सूर लांबवर धरून ठेवायची. दुभाष्या मुलीकडून आईने तिला सांगितलं, धवला एकदा सुरू झाला की मध्ये तुटता कामा नये, तुटला तर नवरानवरीला बाधतो. म्हातारीने छातीवर हात ठेवून मान हलवली.

मग आईला घोर लागला. म्हणाली, "इथं लगीन कोनाचं हाय? नावं नसली तं तो धवला नाय, नुस्तं गानं हाय. मी माज्या धर्माचं नि शकूचं नाव घालीन."

कळलं, नाव का घेतलं? तुझंच लग्न लावत होती ती, आपल्याच जमिनीवर, सगळ्या जगासमोर. तुझ्यासारख्या आगऱ्याच्या पोराला धवल्यातलं नवऱ्याचं नाव ओळखू आलं नाही आणि म्हणे आईने चुगली केली.

आता पुढचं. उन्हं उतरताना तुम्ही कुंपण पाडून घुसलात. आई तेव्हा गात होती, तिच्या मागे मी ओळ उचलत होते, शेजारी बसून त्या बल्गेरियाच्या म्हातारीने खालचा सूर धरला होता. आधी दिवे फुटले. ढोलवाल्यांचे ढोल तुमच्यातल्या दोघांनी कोयत्याने फाडले. ढोलवाल्यांतला एक आडवा आला, त्याच्या मनगटावर पहार बसली. हाड मोडल्याचा आवाज माइकवरून सगळ्या माळाला ऐकू गेला. पोलिसांनी लाठ्या घातल्या त्या दिसेल त्याच्या डोक्यात. आपला काशिरामकाका नुसता बघायला आला होता, त्याचं डोकं फुटलं. मी आईचा पदर ओढत होते. ती हलेना. धवला पुरा व्हायचा होता.

एक कडवं झालं, तुझं नाव माळभर घुमलं. मी तुला कुंपणापाशी पाहिलं. तू थबकलास, वर बघितलंस. मला वाटलं, शुद्धीवर आला. दुसऱ्या कडव्याला आईने पुन्हा तुझं नाव उचललं आणि तुझा डावा हात मागे गेला.

आईला कोणाची तरी लाठी लागली असं तू धरून चाललायस. नाही. तो काळा धोंडा तुझ्या हातातून सुटलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि आईनेही पाहिला. तोंडावर बसला. खालचा जबडा दोन्हीकडे मोडला, दात जिभेत घुसले, जिभेचा टोकाचा तुकडा माझ्या ओंजळीत पडला. गाणं तर माझंही थांबलं, मी किंचाळत होते. ती म्हातारी मात्र आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तिचा भरतकामाचा एप्रन रक्ताने भिजला, वरून दगड पडत होते, आणि तिने तो खालचा सूर सोडला नाही. आम्हाला गाडीत घालेपर्यंत धरून होती. परक्या बाईने तुझा धवला तुटू दिला नाही रे. तू तोडलास.

पोलीस दवाखान्यात आले तेव्हा आईने जिन्याकडे बोट दाखवलं. पडले म्हणून. माझ्याकडे असं बघितलं की मीही गप्प बसले. जबडा तारांनी बांधलाय. सांधेल म्हणतात. बोलणं किती येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. गाणं मात्र गेलं.

लग्नाचं विचारतोस. कोन गावाहून शकूचे वडील येऊन गेले, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. आईने त्यांच्यापुढे बोटं मोजून तीच तारीख कायम ठेवली आणि धवला म्हणायला माझ्याकडे हात केला. मी अजून मान हलवलेली नाही. मला तुझा राग येतो धर्मा, इतका की हे लिहिताना दौत उचलून तुझ्या फोटोवर मारली. काच फुटली. आईने तुकडे उचलले.

लपणं पुरे. ये, तिच्यासमोर बस.

आणि मायन्यात तुझं नाव अर्धं लिहिलंय, नुसतं 'धर्म', पुढचा 'आ' नाही, ती चूक नाही. धोंडा बसला तेव्हा आईच्या तोंडातून तेवढंच बाहेर पडलं होतं. उरलेलं तिच्याकडून ऐकशील, त्या दिवशी तुझा धवला मी पुरा करीन.

तोपर्यंत गप्प असलेली,
जनी