विमानतळावरची खुर्ची

प्रिय ठमे,

तुझा मेसेज आला तेव्हा मी इथल्या खोलीच्या जिन्यात बसले होते. "ताई, तुझ्या मॅडमचा फोन आला होता! मला विमानतळावर कामाला बोलावतायत! आता आपण दोघी शेजारी-शेजारी!" आणि पुढं नाचणाऱ्या बायकांची रांग. त्यावर मी काय पाठवलं, तर एक अंगठा. मग तू फोन केलास, तोही "कामात आहे गं" म्हणून ठेवून दिला. तुला वाटलं असेल, धाकटी बरोबरीला यायला निघाली तर थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. वाटू दे. मलाही अधूनमधून तसंच वाटतं. पण नोकरी घेऊ का नको असं तू विचारलंयस, तर नीट उत्तर द्यायला हवं. हे पत्र आईच्या खोलीत उघडू नकोस. ती हल्ली डोळ्यांनीच सगळं विचारते, आणि तुला खोटं बोलता येत नाही.

आधी चांगलं सांगते. जागा सुंदर आहे, त्यात वाद नाही. फरशीत तोंड दिसतं. आपल्या पार्लरात आरशाचा कोपरा फुटला म्हणून त्यावर कॅलेंडर टांगलंय. इथं आरशांच्या कडेनं दिवे आहेत आणि त्या उजेडात कुठलीही बाई तरुण दिसते. मागं उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या सोडून, त्यांच्यावर तो उजेड पडतच नाही. रोज मागच्या दारानं आत जायचं, चपला काढून तपासणी द्यायची, पर्स उलटी करून दाखवायची, कात्र्या-वस्तरे मोजून घ्यायचे आणि मोजून परत करायचे. सुरुवातीला मला कळेना, मी बायकांच्या भुवया करायला आलेय की विमान पळवायला. खुर्चीसमोर भलीमोठी काच आणि काचेपलीकडं विमानं. त्याचा फोटो मी तुला पाठवला होता, तो तू मोठा करून आईच्या पलंगासमोर चिकटवलास. विमानं अजून तशीच दिसतात. काच मात्र उघडत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे सगळी घाईतली माणसं. एकदा एका बाईच्या अर्ध्या डोक्याला रंग लावून झाला होता आणि भोंग्यावर तिचं नाव पुकारलं. ती उठली ती गळ्यातल्या कापडासकट पळाली. कुठल्याशा देशात उतरली असेल बिचारी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. आम्ही हसून हसून लोळलो. नंतर मनात आलं, आपल्या गल्लीतली असती तर परत आली असती, भांडली असती, आणि उरलेलं डोकं फुकटात करून घेऊन गेली असती. तुझ्याकडं त्या शिवणवाल्या मावशी नुसती ओठांवरची लव काढायला येतात आणि सुनेचं सगळं ओकून जातात, तसलं इथं काही नाही. मी एवढे चेहरे हातांत धरले, त्यातला एकही ओळखीचा झाला नाही. आपण एकमेकींवर दोरा शिकत होतो तेव्हा मी तुझी डावी भुवई साफ उडवली होती, आठवतं? कपाळाला पट्टी बांधून शाळेत गेलीस, आणि बाईंनी "काय लागलं गं?" म्हणताच पट्टी काढून "ताईनं केलं" म्हणून मोकळी झालीस. मला आईचा मार बसला तो वेगळाच.

असो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. भुवया आणि फेशियल तिथं नावाला, खरा धंदा केस सरळ करण्याचा. बाटलीतलं औषध केसांना लावायचं, वाळवायचं आणि वरून तापलेली इस्त्री फिरवायची. इस्त्री टेकली की पांढरा धूर उठतो. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं, घसा आतून खरवडून निघतो. गिऱ्हाइकाच्या नाकाशी आपण ओला रुमाल देतो. ती तेवढ्यापुरता तो धूर गिळते आणि उडून जाते. आपण दिवसभर तिथंच. दार लावूनच काम करायचं, कारण धूर बाहेर गेला की शेजारचा अत्तरवाला तक्रार करतो. मी मॅडमना म्हटलं, धूर ओढणारा पंखा तरी बसवा. त्या म्हणाल्या, "भिंत आपली नाही, छत आपलं नाही, भोक कुठं पाडू? खिडकी केली तर विमान आत येईल." सगळ्या हसल्या, मीही हसले. मॅडम दुष्ट नाहीत, ठमे. कुणाच्या घरी दुखलंखुपलं तर रजा देतात. फक्त धुरानं डोकं दुखतं म्हणून त्या स्वतः बाहेरच्या काउंटरवर बसतात.

माझ्या आधी त्या खुर्चीवर एक लांब वेणीची बाई होती. मला तिथलं काम शिकवलं तिनंच. ती खोकायची आणि "धूळ गं, धूळ" म्हणायची. जिथं दिवसभर फरशी पुसणारी गाडी फिरते तिथं धूळ कुठली? एक दिवस ती आली नाही ती नाहीच आली. तिचा डबा फ्रीजमध्ये तसाच पडून होता, शेवटी वास यायला लागला तेव्हा कुणीतरी टाकून दिला. मॅडम म्हणाल्या, नवऱ्याची बदली झाली असेल. तिचा नवरा रिक्षा चालवायचा. रिक्षावाल्याची कसली बदली होते? पण त्या दिवशी दोघीतिघी गिऱ्हाइकं खोळंबली होती, मला तिची खुर्ची मिळाली आणि मी इस्त्री तापत ठेवली.

मला खोकला लागला तेव्हा मीही धूळच म्हणाले. मागच्या खेपेला घरी आले होते, तू मला वाफ दिलीस आणि "शहरात राहून बाईसाहेब नाजूक झाल्या" म्हणून चिडवलंस. निघताना तू माझी बॅग उचलून पुढं चाललीस आणि मी चप्पल सारखी करायला जागोजागी थांबत होते. तू ओरडलीस, "नवी घे की एखादी, बस जाईल!" चप्पल धड होती गं.

मग ती बाई आली. माझ्याच वयाची, साधी. तिला तिच्या आईच्या अंत्यविधीला जायचं होतं. म्हणाली, "आई नेहमी म्हणायची, केस नीट करून ये, पिंजारलेली येऊ नकोस. निदान आज तरी नीट जाते." मी औषध लावलं, वाळवलं, इस्त्री घेतली. ती आईबद्दल बोलत होती, मला आपली आई दिसत होती, आणि कानामागची बट धरलेली असताना मला उबळ आली. साधी नव्हती ती. श्वास बाहेर गेला आणि आत यायलाच तयार नाही. हातातली इस्त्री तिच्या कानाला लागली. ती किंचाळली, मी खाली बसले. सगळ्या तिच्याकडं धावल्या. ती मात्र कानाला हात लावून मला बघत होती आणि ओरडत होती, "अहो, मला काही झालेलं नाही, त्यांना बघा! ओठ काळे पडलेत त्यांचे!" तशीच गेली ती, अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे, कानाला मलम. माझ्यामुळं ती तिच्या आईसमोर पिंजारलेलीच उभी राहिली. तक्रारसुद्धा केली नाही तिनं. झालेला प्रकार मॅडमनीच विमानतळाच्या साहेबांना कळवला, लपवला असता तर दुकानाची जागा त्यांच्या हातची गेली असती.

दवाखान्यात नळीत फुंकायला लावलं. आपण लहानपणी फुगे फुगवायचो, त्यात मी तुला कधी जिंकू दिलं नाही. इथं यंत्राचा काटा हलेना. डॉक्टरीण तुझ्याएवढीच असेल. तिनं विचारलं काम काय करता, मी सांगितलं, तशी तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "फुप्फुसं आतून कडक झालीयत. झालं ते परत मऊ व्हायचं नाही. उरलंय ते राखायचं असेल तर त्या धुरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." मी म्हटलं, तोंडाला कापड बांधून? ती नळी पुसून ठेवू लागली. मग हळूच म्हणाली, "घरी कोण आहे तुमच्या?" मी म्हटलं, बहीण आहे. एवढं बोलले आणि मला रडू आलं, आणि रडायला लागतो तेवढासुद्धा दम नव्हता. फार विचित्र असतं ते. डोळे वाहतात आणि आवाज निघत नाही.

मॅडम भेटायला आल्या होत्या, फळं घेऊन. "बरी हो आधी, खुर्ची काय पळून जातेय?" म्हणाल्या. जाता जाता सहज विचारलं, "तुझी बहीणही हेच करते ना? हात कसा आहे तिचा?" मी आपली तुझं कौतुक करत बसले. वेणीपासून भुवईपर्यंत, माझ्यापेक्षा बारीक हात आहे म्हटलं, एकदा हातात घेतलेलं डोकं बिघडवत नाही म्हटलं. माझ्याच हातांनी तुला त्यांच्यापुढं केलं मी. दुसऱ्या दिवशी तुला फोन आला.

तेव्हा शेजारी-शेजारी दोन खुर्च्या नाहीत, ठमे. तुझ्यासाठी रिकामी आहे ती एकच. ती माझी होती, त्याआधी त्या वेणीवालीची.

आता तुझं. तू नंतरच्या मेसेजात लिहिलंस की काकू आईला ठेवून घ्यायला तयार आहे, सगळं विचारून झालंय. म्हणजे तू किती दिवस आतल्या आत ठरवत होतीस ते कळलं. आई पडल्यापासून तिला पुसणं, भरवणं, कूस बदलणं, आणि मग हात धुऊन पार्लरचा पडदा सरकवणं, सगळं तू करतेस. मी लांबून विचारपूस करते आणि गल्लीभर थोरलीचंच कौतुक होतं. तू कधी कुरकुर केली नाहीस. आज पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंस, तेही मलाच विचारून. आणि मी सांगणार, नको घेऊस. हे सांगताना माझा मलाच भरवसा वाटत नाही. तुझ्या छातीत तो धूर जाऊ नये म्हणून सांगतेय, हे खरं. पण तू इथं आलीस तर घरी माझ्यासाठी कुणी उरत नाही, हेही खरंच. दोन्हींतलं कुठलं मोठं, ते मी रोज तोलते आणि रोज वेगळं उत्तर येतं. तू आली नाहीस तर दुसरी कुणीतरी येईल. ती कुणाची तरी बहीण असेलच. तिला सांगायला मी कुठं जाणार? मॅडमना म्हटलं, नव्या मुलीला आधी धुराचं सांगा. त्या म्हणाल्या, "सांगितलं तर येईल कोण?"

फोन मी का ठेवते, ते आता सांगते. दोन वाक्यं बोलले की पुढचं तुटतं, आणि मला तुला ते ऐकू द्यायचं नव्हतं. हे पत्रसुद्धा बसत, थांबत लिहिलंय. खोलीचं भाडं भरलेलं आहे तोवर मी इथं आहे. खालच्या मजल्यावरची परिचारिका नाकाला प्राणवायूची नळी लावून देते, पाणी भरून ठेवते, पण ती परकी बाई, तिनं किती करावं? घरात आधीच एक अंथरूण पडलंय आणि मी दुसरं घालायला निघालेय, हे मला कळतंय. ओसरीतली बाज पुरेल मला. पार्लरात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारता येणार नाहीत, पण दोरा धरता येतो अजून. काकूला नाही म्हणून सांगताना तुला काय वाटेल तेही कळतंय, आणि तू चिडलीस, भांडलीस, महिनाभर बोलली नाहीस तरी मी ऐकून घेईन. नोकरीचं तू ठरव, माझ्याकडं एकदा डोळ्यांनी बघ आणि मग ठरव. पण ये. मॅडमना भेटायला नाही, ठमे. एकटीनं एवढा प्रवास आता मला झेपत नाही. मला घरी न्यायला ये.

वाट बघणारी,
तुझीच
ताई