हरवलेल्याच्या वाटणीचं पाणी

नामदेवकाका,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं.

तुमच्या झोळीतून ती दुसरी बाटली निघाली, काठोकाठ भरलेली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी रडत होतो. त्यानंतर नुसता राग! तुमची स्वतःची बाटली कोरडी, ओठ फाटलेले, आणि ही भरलेली. शोधायला जाणाऱ्यानं दोन बाटल्या न्यायच्या. एक आपली, एक हरवलेल्याची. त्या दुसरीला काही झालं तरी तोंड लावायचं नाही. नियम तुमचाच. पाळलात, आणि उन्हात मेलात!

आज लिहितोय, कारण बाहेर किस्नाभाऊंची गाडी उभी आहे. तेंदूपत्ता तोडायला गेलेली एक म्हातारी डोंगरातून परतली नाही. आपला शोधगट माझ्यासाठी खोळंबलाय. आणि आत तुमची सारिका सांगून बसलीय, "ज्या कामानं माह्या बापाले खाल्लं, त्या कामाले गेला तं या दारात पुन्हा येऊ नको."

तुमच्याच बैठकीत, दोर आणि शिट्ट्यांच्या ढिगापाशी बसलोय. सांगा, काय करू?

तुमची मावशी मोहफुलं वेचताना हरवली, तेव्हा सारं गाव डबे बडवत निघालं होतं. ती जवळच्याच नाल्यात पडून हाका मारत होती. गोंगाटात कोणाला ऐकू गेली नाही. तिच्यानंतर तुम्ही गट काढलात. भाजीवाले, किराणावाले, ना पगार ना वर्दी. एक हाक मारायची, मग सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. किती माणसं घरी आणलीत! ते मी कुठं नाकारतो? म्हणून तर जास्त संताप होतो.

एकदा शोधाला ये म्हणून तुमचा फोन आला, तर मी वर्ध्याहून परीक्षेचा पेपर टाकून आलो. कॉलेजात पुन्हा गेलोच नाही. तेव्हा पाठ थोपटलीत. सारिकाबद्दल विचारलं, तर सगळ्यांदेखत काय म्हणालात?

"पोरा, दोर तुह्या हातात देतो. पोरगी नाई देत. कॉलेज सोडलेल्याले कोण पोरगी देते बे?"

किस्नाभाऊ खिदळले, "काका, मंग दोरच हुंड्यात द्या त्याले!"

कड्यावरून उतरताना तुमचा जीव माझ्या मुठीत चालत होता, काका. मग?

तुम्ही गेलात त्या दिवशी आष्टीचा बाजार. बाकीचे भाजी घेऊन तिकडे. गुराखी गजानन हरवला म्हणून आपण दोघंच आलो. एकट्यानं जंगलात शिरायचं नाही, हाही तुमचाच नियम ना? तरी मला रस्त्यावर बसवलंत. "तू इथंच बस. तुह्यं डोकं ठिकाणावर नाई." काऊन? आदल्या दिवशी पुन्हा सारिकाचं विचारलं म्हणून?

आणि गजानन? तो डोंगर उतरून पलीकडच्या गावात साळ्याकडे जेवून झोपला होता! निरोप आला, मी तुम्हाला फोन लावला. बंद. ऐकताना अडथळा नको म्हणून तुम्ही बंदच ठेवायचात. मी हाक मारली, गप्प बसलो, ऐकलं. काहीच नाही. मग धावत आत शिरलो, आणि तुम्ही सापडलात ते असे.

तुमच्या तेरवीच्या पंगतीत गजानन म्हणतो, "काका देवमाणूस होते." त्याचं ताट भिरकावलं मी. देवमाणूस! दोन घोट प्यायले असते, तर माणूस राहिले असते.

आत्ता सारिका दारात आली.

"त्याईले लिहून राह्यला? वाचणार हायेत का ते?"

"नाई."

"मंग काऊन लिहितं?"

"भांडाले. जित्तेपणी भांडू कुठं देत होते?"

ती हसली नाही. "जाणार हायेस ना?"

मी मान डोलावली. ती आत गेली.

तुमचं नाव राखायला नाही जात मी. ती म्हातारी हाका मारत असेल, म्हणून जातो. वचन एवढंच, की कोणाला तरी सोबत घेऊनच आत शिरेन, फोन चालू ठेवीन आणि जित्ता परत येईन. मग याच दारावर थाप मारीन. तिनं नाही उघडलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी तुम्हाला विचारणार नाही!

किस्नाभाऊ हॉर्न वाजवून राह्यले. उठतो. जाताना दार ओढून घेतो.

तुम्ही नाकारलेला,
सुरज