शेवटचा परिच्छेद

सेक्टर सहा, भिलाई
शुक्रवार

प्रिय वसुंधरा हेमराज लांजेवार,

पूर्ण नाव लिहिले म्हणून हसशील. लग्नानंतरचे माझे पहिले पत्र वाचून, "हे पत्र होय का हजेरी?" असे तू विचारले होतेस. सवय सुटलेली नाही. तू गेलीस त्याला आज सात महिने अकरा दिवस झाले.

हर्षाची एमबीएची प्रवेशपरीक्षा परवा रविवारी रायपूरला आहे. गणिताची चिंता नाही. इंग्रजी उताऱ्यांत मात्र ती अडखळते. तू असताना सोळांपैकी बारा-तेरा उत्तरे बरोबर येत. माझ्या हाताखाली ती सातवर आली.

मी कसूर केली नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे ज्या शिस्तीने पोलादाचे नमुने तपासले, त्याच शिस्तीने तिला रोज सायंकाळी सहाला बसवले. स्टॉपवॉच ठेवले, अवघड शब्दांची वही केली. ती उताऱ्याचा अर्थ सांगू लागली की मी प्रत्येक वाक्य दुरुस्त करीत असे. तिसऱ्या आठवड्यात तिने पुस्तक मिटले. म्हणाली, "बाबा, तुमाले सगळं आधीच समजते. मग मी सांगू कोणाले?"

तेव्हा कुठे तुझी पद्धत मला कळली. तू तुरीच्या शेंगा सोलत बसायचीस आणि प्रत्येक परिच्छेदानंतर तिला थांबवायचीस. "मले इंग्रजी येत नाही, म्हणून तर विचारून राहिली. हा लिहिणारा काय म्हणते, तेवढं सांग." ती भलतेच सांगू लागली की तू शांतपणे, "मग मघाशी उलटं कावून म्हणे तो?" असे विचारायचीस, आणि ती आपणहून मागे जाऊन वाचायची. शेवटचा परिच्छेद तू दोनदा वाचून घ्यायचीस. मी बाहेरच्या खोलीत बसून हा वेळेचा अपव्यय समजत होतो. एकदा ऑक्टोपसवर उतारा होता. त्याला तीन हृदये असतात हे ऐकून, "अन् तुझ्या बाबाचं एक सापडता सापडून नाही राहिलं," असे तू मुद्दाम मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणालीस. तुम्ही दोघी किती वेळ हसत होतात.

मीही तसे करून पाहिले. काही समजत नसल्याचे भासवून, "मग हा काय म्हणतो?" असे विचारले. हर्षाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, ॲक्टिंग नका करू ना जी. जमून नाही राहिली." तिचे बरोबर होते. त्यानंतर ती एकटीच वाचते. मी दाराशी उभा राहतो आणि परत येतो.

मी निवृत्त झालो असल्यामुळे कारखान्याचा हा क्वार्टर आज सोडायचा आहे. बुधवारी सामान बांधताना हर्षाला तुझी हिरवी फाइल सापडली. नागपूरच्या डॉक्टरांचा तो अहवाल तिने तुझ्या जागी बसून, घड्याळाशिवाय वाचला. मग तीन वाक्यांत, मराठीत, त्याचा अर्थ सांगितला. एकही चूक नव्हती. नंतर तिने विचारले, "आईले शेवटचा परिच्छेद सांगितला होता तुमी?" सुतळी आणायची आहे असे सांगून मी बाजारात गेलो. सुतळी घरात होती.

अहवाल आला तो दिवस तुला आठवत असेल. मी एकेक ओळ मराठीत करून सांगत होतो. गाठीची मापेसुद्धा मिलिमीटरमध्ये सांगितली. शेवटच्या परिच्छेदापाशी थांबलो. "शेवटी काय म्हणते तो?" तू विचारलेस. "विश्रांती घ्यावी, असे म्हणतो," मी उत्तरलो. तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलेस. पुन्हा वाचा म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून तू हर्षाकडून रोज एकाऐवजी दोन उतारे करून घेऊ लागलीस. तुला बरे वाटू लागले आहे, असा अर्थ मी काढला. आयुष्यभर हजारो नमुन्यांवर 'नापास' असा शेरा मी न चुकता लिहिला; समोरचे माणूस मला वाचता आले नाही.

हर्षाने पुन्हा विचारलेले नाही. तेच सहन होत नाही. तिच्यासमोर बसून सांगणे मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. रविवारी पेपर झाल्यावर ते मी तिच्या हातात देणार आहे. हा परिच्छेद ती दोनदा वाचेल. परंतु तिच्याआधी तुला सांगणे क्रमाने योग्य आहे. अहवालाच्या शेवटी लिहिले होते की आजार यकृतात पसरला आहे, उपचारांचा आता उपयोग नाही, आणि हाती फार तर आठ आठवडे आहेत. लिहिणारा काय म्हणत होता, ते एवढेच. मला ते समजले होते, वसुंधरा. तुला सांगता आले नाही.

अजूनही तुझाच,
हेमराज

ता. क. : सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या, एक माझी आणि एक तुझ्या लाल दोऱ्याची, कार्यालयात परत केल्या.